मेरी सूचं माहेर

शाळेत असताना शंभर पानी वहीत मी फास्टर फेणेची एक गोष्ट लिहिली होती. तीत बन्या फेणेला एक नवा मित्र भेटतो. तो बन्याहून जोरात सायकल हाणतो, चोर आधी ओळखतो आणि शेवटी बन्याच त्याची पाठ थोपटतो. मित्राचं नाव माझंच होतं, आडनाव तेवढं बदललं होतं. असल्या पात्राला इंग्रजीत 'मेरी सू' म्हणतात हे पन्नाशीत कळलं आणि या बाईचं माहेर शोधायचा नाद लागला.

जन्मतारखेबद्दल वाद नाही. 'स्टार ट्रेक' ही मालिका १९६९ साली बंद पडली, तरी चाहते तिच्यातल्या पात्रांच्या गोष्टी लिहून हौशी अंकांतून छापत राहिले. अशाच 'मेनॅजरी' नावाच्या अंकात डिसेंबर १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी जेमतेम पानभराचं विडंबन लिहिलं. नायिका लेफ्टनंट मेरी सू, वय साडेपंधरा, ताफ्यातली सर्वांत तरुण अधिकारी. कप्तान कर्क तिच्यावर भाळतो आणि कॉफी आणायला जाताना अख्खं जहाज तिच्या हवाली करतो. तुरुंगाचं कुलूप ती केसांच्या पिनेनं उघडते. सगळे आजारी पडल्यावर जहाज सांभाळून शांततेचं नोबेल मिळवते आणि मरते. भावना न दाखवणारा स्पॉकसुद्धा रडतो. तिचा वाढदिवस जहाजावर सुट्टीचा दिवस ठरतो.

पुढं हे विशेषनाम सामान्यनाम झालं.

पॅट फ्लीगर या अभ्यासक मात्र कुळ दीडशे वर्षं मागं नेतात. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन बालमासिकांत सर्वगुणसंपन्न, सगळ्यांना रडवून मरणाऱ्या मुली त्यांनी दाखवल्या आहेत. पुरावा चोख आहे, पण मला पटत नाही. त्या मुली स्वतःच्याच घरात मरतात. मेरी सूची खरी गंमत अशी की ती दुसऱ्याच्या घरात शिरते आणि दुसऱ्या दिवशी किल्ल्या तिच्याच कमरेला!

या व्याख्येवर मी खूश होतो, तेवढ्यात एक कागद समोर आला. डिसेंबर १९८६. नव्या 'स्टार ट्रेक'साठी नट शोधायला काढलेलं पात्रांचं टिपण. त्यात लेस्ली क्रशर नावाची मुलगी आहे. वय पंधरा, अफाट बुद्धी, एकदा पाहिलेलं न विसरणारी, आणि म्हणून त्या वयात हंगामी अधिकारी होऊ शकेल अशी. मी दोनदा चष्मा पुसला. तेरा वर्षांपूर्वी ज्या मुलीची टिंगल झाली, तीच अर्धं वर्ष लहान होऊन सरकारी दरवाजानं आत आली होती!

पडद्यावर येईपर्यंत लेस्लीचा मुलगा झाला, नाव वेस्ली. आणि मालिकेच्या जनकाचं पूर्ण नाव यूजीन वेस्ली रॉडनबेरी. वेस्ली म्हणजे तरुणपणी मला जे व्हायचं होतं ते, अशी कबुली त्यानंच दिली आहे.

पॉला स्मिथ यांचं ते विडंबन रॉडनबेरीच्या कचेरीत कुणी वाचलं होतं का? माझं मत, मुळीच नाही. वाचलं असतं तर पंधरा हे वय कागदावर टिकलं नसतं. चाहत्या मुली ज्या वाटेनं गेल्या, तीच वाट हा पासष्टीचा गृहस्थ स्वतःहून चालला.

आता माझी व्याख्या लंगडी पडते, कारण रॉडनबेरी तर घरमालक. पण खरंच होता का? मालिकेची मालकी पॅरामाउंटकडे होती, आणि १९८२च्या दुसऱ्या चित्रपटापासून निर्मितीची सूत्रं काढून घेऊन त्याला नुसता सल्लागार केलं होतं. नव्या मालिकेसाठी तो परतला तो स्वतः बांधलेल्या, पण दुसऱ्याच्या नावावर असलेल्या घरात. तेव्हा व्याख्या मी मागं घेत नाही. थोडी ओढाताण होते आहे, कबूल.

मुलग्यांसाठी गॅरी स्टू, मार्टी स्टू अशी नावं नंतर निघाली. पहिलं नाव मुलीचं पडलं ते पडलंच. तिची गोष्ट पानभरात आटोपली. वेस्लीला मात्र नवी मालिका सुरू होऊन महिना व्हायच्या आत, ऑक्टोबर १९८७ मध्ये, कप्तानानं हंगामी अधिकारी करून टाकलं.