दिनविशेष : 9 फेब्रुवारी 1995

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने या दिवशी दिला. वाद होता 1993 च्या हीरो चषक क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा, पण न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या खंडपीठाने प्रक्षेपणावरील सरकारी मक्तेदारीच्या मुळालाच हात घातला. त्याचा खरा लाभ पुढे खेड्यांना झाला, हे या निकालाचे मोठेपण.

उदाहरणार्थ, तोवर सांगली जिल्ह्याचा रेडिओ म्हणजे 1963 मध्ये सुरू झालेले आकाशवाणीचे सांगली केंद्र. निकालाने मोकळ्या केलेल्या या वाटेवर पुढे केंद्र सरकारच्या 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ, म्हणजे स्थानिक लोकांचे छोटे केंद्र, चालवण्याची मुभा मिळाली. अशा केंद्राचा ट्रान्समीटर साधारण 50 वॅटचा, त्यामुळे आवाज आसपासच्या गावांपुरताच पोहोचतो. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक सहभागातून घडवणे बंधनकारक. शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला 2008 मध्ये 'माणदेशी तरंग' हे असे केंद्र सुरू झाले.

सांगलीच्या जत तालुक्यात हे काम येरळा प्रोजेक्ट सोसायटी या स्वयंसेवी संस्थेने जालिहाळ बुद्रुक येथे 'येरळावाणी' उभारून केले. कर्नाटकाला लागून असलेला अवर्षणाचा हा सीमाभाग मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतो. पाणी, शेती, शेळीपालन, बाळंतपण यांविषयी इथल्या माणसाशी त्याच्याच बोलीत बोलणे मोठ्या केंद्राला शक्य नव्हते. बातम्या स्वतः तयार करण्याची परवानगी मात्र अशा केंद्रांना मिळाली नाही. आकाशवाणीची बातमीपत्रे तशीच सहक्षेपित करण्याची मुभा नंतर देण्यात आली.