गुणकाचा वर्ण

ज्ञानाला जात नसते, असे आपल्याकडे वारंवार ऐकविले जाते. धर्मग्रंथांचा पक्षपात आता पुष्कळांना पटला आहे. परंतु विज्ञानाचा विषय निघाला की चांगला शिकलेला माणूसही हात जोडतो. आकडा खोटे बोलत नाही, ही त्याची नवी श्रद्धा. मी विज्ञानविरोधी नाही. बाबासाहेबांच्या विचारावर वाढलेल्या माणसाला तसे होताही येणार नाही. पण आकडा कोणी काढला, कोणाला मोजून काढला आणि तो कोणाच्या उपयोगी पडला, हे विचारणे हाही विज्ञाननिष्ठेचाच भाग आहे. या लेखात मला अशाच एका आकड्याचा इतिहास मांडावयाचा आहे. तो आकडा आहे १.२१२. अमेरिकेतील काळ्या माणसाच्या मूत्रपिंडाला डॉक्टरांनी लावलेला हा गुणक.

अमेरिकेतील काळ्यांचा प्रश्न आपल्याला परका नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्याच १९७२ साली ब्लॅक पँथरने आपला जाहीरनामा सुधारला आणि काळ्यांसह सर्व शोषितांना मोफत आरोग्यसेवा हवी, अशी मागणी त्यात घातली. त्यांनी दवाखाने चालविले, सिकलसेलची तपासणी वस्तीवस्तीत नेली. आपण त्यांच्याकडून नाव घेतले, बंडाची भाषा घेतली. डॉक्टरी ज्ञानाची त्यांनी केलेली झडती मात्र आपण फारशी अभ्यासली नाही.

मूत्रपिंडाचा जुनाट रोग मुका असतो. निम्म्याहून अधिक कार्य संपले तरी माणूस कामावर जात राहतो. १८२७ साली लंडनच्या गाइज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी अंगावरची सूज, लघवीतून जाणारे प्रथिन आणि शवविच्छेदनात दिसणारे बिघडलेले मूत्रपिंड यांची सांगड घातली. त्यावरून या विकाराला दीर्घकाळ 'ब्राइटचा रोग' हेच नाव होते. मूत्रपिंड किती गाळते हे जिवंत माणसात रोजच्या रोज मोजणे अवघड. म्हणून डॉक्टरांनी रक्तातील क्रिएटिनिनचा आधार घेतला. क्रिएटिनिन हा स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंड थकले की तो रक्तात साचतो. परंतु ज्याचे स्नायू भरलेले त्याच्या अंगात तो मुळातच जास्त आणि जो वाळलेला त्याच्या अंगात कमी. तेव्हा नुसत्या क्रिएटिनिनवरून निदान करता येईना. सूत्र हवे झाले. १९७६ साली कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी एक सूत्र दिले. त्यात वय होते, वजन होते, स्त्री-पुरुष भेद होता. वर्ण नव्हता.

सूत्राआधी निवड कशी होत असे, तेही पाहिले पाहिजे. १९६० साली सिॲटल शहरात बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी वारंवार डायलिसिस करता येईल अशी नळी तयार केली आणि मरणारी माणसे जगू लागली. यंत्रे थोडी, रोगी फार. मग एक समिती नेमण्यात आली. कोणाला यंत्र द्यावे हे ठरविताना रोग्याचे लग्न, मुलेबाळे, उत्पन्न, शिक्षण, चर्चमधील वावर, समाजाला असलेला उपयोग, हे सारे पाहिले जाई. १९६२ साली 'लाइफ' साप्ताहिकाने ही हकीकत छापली आणि देशभर चर्चा झाली. 'समाजाला उपयोगी माणूस' कोण, हे प्रतिष्ठित मध्यमवर्ग ठरवीत होता. १९७२ च्या कायद्याने डायलिसिसचा खर्च सरकारने उचलला आणि अशा समित्यांची गरज संपली. पण निवड संपली नव्हती. नव्या मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत कोणाचे नाव कधी घालावयाचे, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर पुढे समितीऐवजी आकडा देऊ लागला.

१९९९ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासातून नवे सूत्र निघाले. १६२८ रोगी त्यात होते. त्यांपैकी काळे सुमारे १२ टक्के. सारख्याच क्रिएटिनिनला काळ्या रोग्यांचे मूत्रपिंड सरासरीने अधिक गाळते असे संशोधकांना आढळले. म्हणून रोगी काळा असेल तर आलेल्या उत्तराला गुणक लावा, असे ठरले. रुळलेल्या सुटसुटीत सूत्रात हा गुणक १.२१२ होता. २००९ च्या सुधारित सूत्रात तो १.१५९ झाला. आता काळा कोण हे कसे ठरविले? १९९९ च्या त्या अभ्यासात रोग्याचा वर्ण अभ्यासातील कर्मचाऱ्यांनी ठरविला. त्याला निश्चित निकष नव्हता. बहुधा कातडीचा रंग बघूनच तो ठरला असावा, हे खुद्द संशोधकांनीच नमूद केले आहे. रक्त दशांशापर्यंत मोजणारे शास्त्र वर्णाच्या बाबतीत नुसत्या नजरेवर विसंबले. आपल्याकडे माणसाची जात चेहऱ्यावरून, आडनावावरून ओळखणारे कमी नाहीत. त्यांची ओळख प्रयोगशाळेत गेली नाही, एवढाच फरक.

या गुणकाचा अर्थ काय झाला? अमेरिकेत गाळण्याचा आकडा २० किंवा त्याखाली आला म्हणजे रोग्याला प्रतीक्षायादीत वेळ मिळू लागतो. वय, लिंग आणि क्रिएटिनिन सारखे असलेले दोन रोगी घ्या. गोऱ्याचा आकडा २० येतो, तो यादीत जातो. २००९ च्या सूत्राने काळ्याचा आकडा २३ येतो. त्याला सांगितले जाते, तुमची तब्येत अजून बरी आहे, थांबा. ज्या समाजात मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या तिपटीहून अधिक, त्यालाच कागदावर अधिक निरोगी ठरविले गेले.

हे सर्व दुष्टपणाने झाले असे मी म्हणत नाही. गुणक काढला तर काळ्या रोग्यांना औषधाचा डोस विनाकारण कमी मिळेल, निरोगी माणसे रोगी ठरतील, अशी भीती काही डॉक्टरांना प्रामाणिकपणे वाटत होती. परंतु गुणकाचे कारण म्हणून जे सांगितले गेले ते तपासा. काळ्यांचे स्नायू अधिक, असे म्हटले गेले. त्याला आधार होता मोजक्या छोट्या अभ्यासांचा. काळे शरीर वेगळे, राबण्यासाठी घडलेले, ही समजूत मात्र फार जुनी. १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टराने गुलामाच्या पळून जाण्याला रोगाचे नाव दिले होते आणि काळ्यांची फुप्फुसे दुबळी म्हणून त्यांना कष्टच हितकर, असे लिहिले होते. १९९९ चे संशोधक कार्टराइटचे वारस नव्हेत. पण समाजाने पाडलेली विभागणी शरीराचा गुण म्हणून वाचण्याची सवय तीच आहे. पुढे याच सूत्राला चीनमधील संशोधकांनी १.२३३ हा गुणक काढला, तर जपानमधील संशोधकांनी ०.८०८. शेजारी देशांतील माणसांची मूत्रपिंडे अशी उलट्या दिशांना जातील काय? आहार, अंगकाठी, मोजण्याची पद्धत, असा कितीतरी फरक या आकड्यांत मिसळलेला असतो. त्याला वर्णाचे नाव दिले की पुढचा शोध थांबतो.

हा शोध पुन्हा सुरू करण्यात वैद्यकीय विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे. वर्गात त्यांनी विचारले, हा गुणक का? ज्याची आई गोरी आणि बाप काळा, त्याने कोणता आकडा घ्यावा? डोरोथी रॉबर्ट्स यांच्यासारख्या काळ्या विदुषींनी हाच प्रश्न व्यासपीठावरून मांडला. २०१७ साली बॉस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयाने गुणक काढून टाकला. २०२० साली जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर उसळलेल्या आंदोलनाच्या काळात राष्ट्रीय पातळीवर तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तिने वर्णरहित सूत्राची शिफारस केली. २०२३ साली अवयववाटपाच्या राष्ट्रीय मंडळाने रुग्णालयांना आदेश दिला, की या गुणकामुळे ज्या काळ्या रोग्यांचा काळ वाया गेला त्यांना तो परत मोजून द्या. वर्षभरात १४ हजारांहून अधिक रोग्यांची प्रतीक्षा अशी दुरुस्त झाली. जे यादीत येण्याआधीच मेले, त्यांची दुरुस्ती कोण करणार?

गुणक गेला म्हणजे विषमता गेली, असे नव्हे. गरिबी, रक्तदाब, उशिरा मिळणारा उपचार ही कारणे उभीच आहेत. २०१० साली एपीओएल-१ या जनुकाची रूपे सापडली. ती पश्चिम आफ्रिकी वंशपरंपरेत आढळतात आणि दोन्हीकडून वारशाने आल्यास मूत्रपिंडाचा धोका वाढवितात. पण ती प्रत्येक काळ्या माणसात नसतात. ती शोधावयाची तर जनुक तपासावे लागते. कातडी बघून चालत नाही.

आपल्याकडच्या सूत्रात जातीचा गुणक नाही, हे खरे. परंतु क्रिएटिनिन स्नायूंतून येते, हे वर सांगितले. पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या, वाळलेल्या अंगाच्या मजूर बाईचे क्रिएटिनिन कमीच येणार. सूत्र ते वाचून म्हणेल, मूत्रपिंड ठीक आहे. तिथे कोणी वर्ण लिहिलेला नसतो. तिची उपासमारच आकड्यात शिरून तिला निरोगी ठरविते. सिस्टॅटिन-सी नावाची तपासणी स्नायूंवर इतकी अवलंबून नसते. पण ती महाग आहे आणि तालुक्याच्या दवाखान्यात सहज मिळत नाही.

आपली मुले आज वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत. ती तिथे कशी पोचली यावरून त्यांना रोज हिणवले जाते, म्हणून पुष्कळदा ती गप्प राहणे पसंत करतात. त्यांना माझे सांगणे एवढेच, की फळ्यावर सूत्र लिहिले गेले की ते पाठ जरूर करा, आणि मग हात वर करून विचारा : हे कोणाला मोजून काढले? त्यात आमच्या वस्तीतले कोणी होते काय? अमेरिकेतील त्या विद्यार्थ्यांनी हेच विचारले होते.