साष्टी बेटावरील देव्या, भगत आणि डॉक्टर

फिलिपाईन्स देशात सिकिहोर नावाचे एक बेट आहे. झाडपाला जाणणारे वैदू आणि मंत्रतंत्राच्या कथा यांसाठी ते प्रसिद्ध आहे. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तेथील वैदू डोंगरावर जमून औषधे करतात. अशी बेटे दूर समुद्रातच असायची, असे आपल्याला वाटते. पण आपला खारदांडा तरी कोठे आहे? साष्टी बेटाच्या किनाऱ्यावरच. माहीमच्या खाडीवरचा रस्ता १८४५ साली झाला. त्यापूर्वी इकडून माहीमला जायचे तर होडीत बसावे लागे.

या बेटावरही दुखणाऱ्या माणसांच्या वाटा ठरलेल्या आहेत. दांड्याहून तासाभराच्या चालीवर वांद्र्याची मोत माउली. तिची मूर्ती एका कोळ्याला समुद्रात सापडली, अशी कथा सांगतात. सप्टेंबरच्या जत्रेत पाय दुखणारा मेणाचा पाय वाहतो, हात दुखणारा मेणाचा हात. वाहणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. खाडीपलीकडे माहीमला शीतळादेवी आहे, मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे. आणि कोळीवाड्यात भगत असतोच.

आम्ही युनियनचे काम करणारे. एका कामगाराने आजारी आईला आधी भगताकडे नेले, म्हणून आम्ही त्याला चांगलेच फैलावर घेतले. तो शांतपणे म्हणाला, "दादा, भगत रात्री दोनला दार उघडतो. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत माझा एक खाडा पडतो." आम्ही निरुत्तर झालो, आणि उत्तर शोधण्यासाठी इतिहासाची पुस्तके उघडली.

पहिला भेटला गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. तो १५३४ साली गोव्यात आला. पुढे मुंबई बेटच त्याच्याकडे खंडाने होते. त्याचा औषधींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. एवढा शिकलेला माणूस, पण इथल्या वैद्यांना विचारायला लाजला नाही. पटकीचे वर्णन करताना त्याने आपल्या लोकांचा 'मोडशी' हा शब्दच नोंदवला, आणि तोच पोर्तुगिजांच्या तोंडी 'मोर्देशी' झाला.

दुसरी गोष्ट देवीची. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली. हिंदुस्थानातील ती पहिली. लोकांनी ही लस सुखासुखी घेतली असे नव्हे; विरोध झाला, भीती होती. तरी मराठी माणसाने तिला नाव काय दिले? 'देवी काढणे'. रोगही देवी आणि त्यावरचा उपायही देवी! श्रद्धेच्याच घरात लोकांनी शास्त्राला जागा करून दिली. पुढे १९७७ साली भारत या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

तिसरी गोष्ट कडू आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारने घरे झडतीला घेतली, माणसे उचलून रुग्णालयात नेली. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. हे कामगार अडाणी होते, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु जो डॉक्टर शिपायाबरोबर दारात येतो, त्याच्या हातातली बाटली औषधाची आहे हे माणसाने कशावरून मानावे? याच शहरात हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. विश्वास मिळवण्याची रीत ही.

भगताचा अंगारा पटकी बरी करीत नाही, हे आम्ही आजही ठामपणे सांगतो. त्यापायी वेळ गेला तर माणूस जातो. पण भगताला शिव्या देऊन त्याचे दार बंद होणार नाही. दवाखाना रात्री उघडा हवा, आजारपणाच्या रजेचा पगार हवा आणि डॉक्टरने ओर्ताप्रमाणे रोग्याच्या भाषेत विचारपूस करायला हवी. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने उपचाराचा आणि आजारपणातील भत्त्याचा हक्क मान्य केला. तो कंत्राटी कामगाराच्या आणि मासळी विकणाऱ्या बाईच्या उंबऱ्यापर्यंत पोचवणे, हे आपले काम.

त्या कामगाराला आम्ही पुन्हा फैलावर घेतले नाही. पुढच्या वाटाघाटीच्या मागण्यांत मात्र त्याचा तो खाडा आम्ही पहिल्या क्रमांकावर लिहिला.