पडद्यावरचा नायक आणि एक प्रेक्षक

चित्रकादंबऱ्यांवरून काढलेले अतिमानवी नायकांचे चित्रपट आता आमच्या दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावीही घरोघर पोहोचले आहेत. 1986-87 साली क्रमशः प्रसिद्ध झालेली अॅलन मूर व डेव्ह गिबन्स यांची 'वॉचमेन' 2009 साली पडद्यावर आली. तिच्यासारख्या कितीतरी चित्रकथा आज हातातल्या मोबाइलवर पाहता येतात. पालक आम्हांला चिंतेने विचारतात, "फादर, आकाशात उडणारे आणि भिंती फोडणारे हे वीर आमच्या मुलांच्या मनाचे काय करतील?" प्रश्न योग्यच आहे, मात्र तो नवा नाही. चित्रांतून पडद्यावर उतरलेला नायक आणि त्याच्या दर्शनाने हेलावून गेलेला प्रेक्षक यांची गाठ महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच पडली होती. त्या भेटीतूनच आपल्या देशातील कथापट उभा राहिला. तो नायक म्हणजे प्रभू येशू ख्रिस्त आणि तो प्रेक्षक म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके.

फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. छायाचित्रण, ठसे तयार करणे, जादूचे प्रयोग, छपाई असे अनेक उद्योग त्यांनी केले. छापखान्याच्या भागीदारीतून बाहेर पडल्यावर, चाळिशी उलटलेली असताना, पुढे काय करावे या विवंचनेत ते होते. अशा वेळी, 1910-11 च्या सुमारास, गिरगावातील अमेरिका-इंडिया चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्तजीवनावरील मूकपट पाहिला.

हा चित्रपट म्हणजे अॅलिस गी या फ्रेंच दिग्दर्शिकेने गोमाँ कंपनीसाठी 1906 साली केलेली कृती, असे सामान्यतः सांगितले जाते. जेमतेम अर्ध्या तासाच्या त्या पटात पंचवीस प्रवेश आहेत. गव्हाणीपासून पुनरुत्थानापर्यंतचा प्रवास त्यांत येतो, आणि त्यातला मोठा भाग दुःखसहनाला दिलेला आहे. विशेष म्हणजे त्यातील दृश्यांची मांडणी जेम्स तिसो या चित्रकाराच्या चित्रांवरून केलेली होती. तिसोने पॅलेस्टाइनला जाऊन तेथील माणसे, वेष व वाटा न्याहाळल्या आणि शुभवर्तमानातील प्रसंगांची साडेतीनशे जलरंगचित्रे रंगवली. ती 1896-97 मध्ये ग्रंथरूपाने निघाली. म्हणजे चित्रांच्या पुस्तकावरून चित्रपट करण्याची रीत आजची नव्हे, ती चित्रपटाच्या बाल्यावस्थेतीलच आहे.

तो पट पाहताना मनात काय घडले, हे फाळके यांनी 1917 साली 'नवयुग' मासिकातील लेखांत नमूद केले आहे. डोळ्यांपुढून ख्रिस्तचरित्र सरकत होते आणि मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण, श्रीरामचंद्र, गोकुळ व अयोध्या उभी राहत होती. आपल्या लोकांना आपली चित्रे पडद्यावर कधी पाहायला मिळतील, या विचाराने ते अस्वस्थ झाले. पुढे पत्नी सरस्वतीबाईंनाही त्यांनी तो पट दाखवला.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. फाळके यांनी त्या पटाची टवाळी केली नाही, आणि परक्याचा म्हणून त्याचा तिरस्कारही केला नाही. तो पाहून ते ख्रिस्ती झाले, असेही नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेचे चित्र आदराने पाहताना त्यांना स्वतःच्या घरातील देवघर आठवले. उत्तम कलाकृतीला याहून सच्चा प्रतिसाद कोणता असू शकतो?

या प्रतिसादामागे कष्टांची तयारी होती. त्यांनी विम्याच्या पॉलिस्या तारण ठेवल्या. 1912 साली इंग्लंडला जाऊन कॅमेरा आणला. रोपट्याला अंकुर फुटून ते वाढताना दिसेल असा छोटासा पट काढून त्यांनी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवली. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, कलावंतांचा स्वयंपाक केला, फिल्मवर प्रक्रिया करण्याचे कामही हाती घेतले. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रेक्षकांसाठी खुला झाला. त्यातील प्रसंगांची मांडणी राजा रविवर्मा यांच्या चित्रांची आठवण करून देते, आणि त्यात नवल नाही, कारण रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी फाळके यांनी काम केलेले होते. तिकडे तिसो, इकडे रविवर्मा!

आम्हांला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती कथेची निवड. मनात कृष्ण आणि राम असताना पडद्यावर पहिला आला तो हरिश्चंद्र. राम 1917 च्या 'लंकादहन'मध्ये आला; तेव्हा प्रेक्षक हात जोडत आणि पायांतील वहाणा काढत, अशा आठवणी सांगितल्या जातात. 'श्रीकृष्णजन्म' 1918 साली निघाला. हरिश्चंद्र मात्र पर्वत उचलत नाही की राक्षस मारीत नाही. दिलेल्या शब्दासाठी तो राज्य सोडतो, पत्नी आणि पुत्र यांच्यापासून दुरावतो, स्मशानात चाकरी करतो. शेवटी त्याला सारे परत मिळते, पण ते बाहुबलाने नव्हे. ही निवड ख्रिस्तचरित्रावरून सुचली, असे आम्ही म्हणणार नाही. ती कथा कीर्तनांतून व नाटकांतून घरोघर माहीत होतीच. परंतु ख्रिस्ताचे दुःखसहन पाहून उठलेल्या प्रेक्षकाचा पहिला नायक हा सोसणारा, सत्याला न सोडणारा माणूस असावा, हा योगायोग मनात घर करून राहतो.

मुलांच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. अतिमानवी वीर संकटातून झेपावून सुटतो. आपल्या प्रभूला 'सामर्थ्य असेल तर क्रूसावरून खाली उतर' असे आव्हान दिले गेले, तेव्हा तो उतरला नाही. मुलांनी उडणारे वीर जरूर पाहावेत. बळाचा उपयोग दुबळ्यांसाठी करावा, हा बोध त्यांतूनही मिळतो. पाहून झाल्यावर मात्र आईवडिलांनी त्यांना फाळक्यांसारखे विचारावे, "असा माणूस आपल्याकडे कोण?"

आमच्या वऱ्हाडात उत्तर दूर शोधावे लागत नाही. 1876 साली आमच्या दर्यापूरजवळच्या शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा आहेत. हाती खराटा, अंगावर चिंध्या आणि जवळ फुटके गाडगे, एवढेच त्यांचे वैभव. लोकांनी दिलेला पैसा त्यांनी धर्मशाळा आणि शाळांना लावला, स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. 1977 साली राजदत्त यांच्या 'देवकीनंदन गोपाला'मध्ये डॉ. श्रीराम लागू यांनी त्यांना पडद्यावर उभे केले. हा चित्रपट मुलांसोबत बसून पाहावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हाती खराटा देऊन घरासमोरचा रस्ता झाडावा.