कक्षेतील साक्षीदाराची उलटतपासणी

बखरीतील तिथी खरी की खोटी, हे तीच बखर दहा वेळा वाचून ठरत नाही. ती समकालीन पत्राशी, शकावलीशी ताडून पाहावी लागते. हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या उपग्रहांनाही हीच कसोटी लागू झाली. हा धागा त्या कसोटीच्या इतिहासाचा.

२४ फेब्रुवारी २००९. कॅलिफोर्नियातील व्हँडेनबर्ग तळावरून नासाचा ओसीओ हा उपग्रह झेपावला. अग्निबाणाच्या टोकावरील संरक्षक कवच सुटलेच नाही. त्या जादा वजनामुळे कक्षा हुकली आणि अनेक वर्षांचे श्रम अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात गेले. जेमतेम महिनाभर आधी, २३ जानेवारीला, जपानचा गोसॅट सुखरूप कक्षेत पोहोचला होता. त्याचे टोपणनाव ‘इबुकी’, म्हणजे श्वास. उपग्रह गमावलेला अमेरिकी चमू मग जपानी चमूसोबत इबुकीच्याच नोंदींवर काम करू लागला.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. उपग्रह वायू मोजत नाही, तो प्रकाश मोजतो. जमिनीवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशातील ठरावीक तरंगलांबी कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. वर्णपटात उमटलेल्या त्या काळ्या रेषांवरून रेणूंची संख्या काढली जाते. प्राणवायूचे हवेतील प्रमाण जवळपास स्थिर असल्याने त्याच्याशी गुणोत्तर मांडतात. पण विरळ ढग, धूळ किंवा वाळवंटाची चकाकी मध्ये आली की प्रकाशाचा मार्ग बदलतो आणि हिशेब चुकतो.

चूक किती चालेल? २००९ च्या सुमारास हे प्रमाण ३८७ पीपीएमच्या आसपास होते, म्हणजे कोरड्या हवेच्या दहा लाख रेणूंमागे सुमारे ३८७ रेणू. वार्षिक वाढ साधारण २ पीपीएम. मोजणीत अवघा एक टक्का फरक पडला, तरी जवळजवळ दोन वर्षांची वाढ गडप होते. कोणते जंगल किती शोषते, कोणता प्रदेश किती सोडतो, हे अशा साधनावरून कसे ठरवणार?

म्हणून जमिनीवर साक्षीदार उभे केले गेले. २००४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पार्क फॉल्स येथे आणि त्याच वर्षी न्यूझीलंडमधील लॉडर येथे टीकॉन या जाळ्याची पहिली केंद्रे सुरू झाली. तेथील वर्णपटमापक थेट सूर्याकडे पाहतो. जमिनीच्या परावर्तनाची भानगडच नाही.

मात्र या साक्षीदाराची ग्वाही कोण देणार? तोही रेषाच वाचतो, आणि प्रयोगशाळेत ठरलेल्या रेषांच्या तीव्रतेत त्रुटी असतातच. त्यावर उपाय म्हणून केंद्रांच्या माथ्यावर विमाने घिरट्या घालत चढली-उतरली आणि प्रत्येक उंचीवरची हवा प्रत्यक्ष मोजली गेली. विमानातील उपकरणे प्रमाणित वायूच्या नळकांड्यांवर जुळवलेली असतात, आणि ते जागतिक प्रमाण सांभाळण्याचे काम १९९५ पर्यंत स्क्रिप्स संस्थेकडे होते. १९५८ मध्ये मौना लोआवर मोजणी सुरू करणाऱ्या चार्ल्स कीलिंग यांची हीच संस्था. पुढे ती जबाबदारी नोआकडे गेली. अंतराळातल्या आकड्याचे मूळ असे अखेरीस पृथ्वीवरच्या दाबमापकापाशी येऊन टेकते. विमानांच्या पडताळणीतून दिसले की टीकॉन सुमारे एक टक्का कमी दाखवत होते. त्यानुसार एक दुरुस्ती-गुणक ठरला.

आता पाळी इबुकीची. २०११ मध्ये तुलना प्रसिद्ध झाली. त्याच्या आरंभीच्या नोंदी टीकॉनपेक्षा सरासरी ८.८५ पीपीएमने, म्हणजे २.३ टक्क्यांनी कमी भरल्या. चार वर्षांहून अधिक वाढीएवढा हा फरक! विशेष म्हणजे तो झाकला गेला नाही, इबुकीच्या जपानी चमूतील संशोधकांनीच तो छापला. त्यानंतर गणनपद्धतीच्या नव्या आवृत्त्या आल्या. नेवाडातील रेलरोड व्हॅली या कोरड्या तळ्याच्या सपाटीवर दरवर्षी उन्हाळ्यात जपानी व अमेरिकी संशोधक एकत्र जाऊन, वरून जाणाऱ्या उपग्रहाची नजर तपासू लागले.

२ जुलै २०१४ रोजी ओसीओ-२ यशस्वीपणे उडाला. टीकॉन केंद्रावरून जाताना त्याच ठिकाणावर दृष्टी रोखून धरण्याची सोय त्यात मुद्दाम ठेवली होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत मध्यक फरक अर्ध्या पीपीएमहून कमी निघाला.

आपल्या किनाऱ्याचाही या कथेशी संबंध आहे. गोव्यातील काब द राम येथे १९९३ पासून काचेच्या बाटल्यांत हवा भरून ती ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओच्या प्रयोगशाळेत पाठवली जाई. पावसाळ्यात अरबी समुद्रावरची हवा, हिवाळ्यात भूप्रदेशावरची. पुण्याच्या आयआयटीएमने २००९ पासून सिंहगड येथेही नमुने घेण्यास सुरुवात केली. या बाटल्यांत मिळते ती पृष्ठभागालगतची हवा, उपग्रह पाहतो तो हवेचा संपूर्ण स्तंभ, त्यामुळे दोहोंची थेट बरोबरी होत नाही. पण जून ते सप्टेंबर सह्याद्रीवर ढग दाटले की परावर्तित प्रकाशावर विसंबलेला उपग्रह बहुतांशी आंधळा होतो, आणि त्या महिन्यांची नोंद गडावरच्या बाटलीतूनच मिळते.