कॅलिफोर्नियातील फिलिपिनो शेतमजूर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्थलांतरित झालेला व डेलानो येथील द्राक्षमळ्यांच्या संपास (१९६५–७०) प्रारंभ करणारा श्रमिक समाज. फिलिपीन्स १८९८ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात गेल्यामुळे तेथील रहिवाशांना अमेरिकेत येण्यास मज्जाव नव्हता. मात्र नागरिकत्वाचे हक्कही नव्हते. चिनी मजुरांचे आगमन १८८२ च्या आणि जपान्यांचे १९२४ च्या कायद्याने थांबल्यावर मळेवाल्यांची भिस्त या तरुणांवर राहिली. मुकादमाच्या हाताखालील टोळ्यांनी ते हंगामानुसार फिरत. स्टॉक्टनभोवती ॲस्परॅगसची तोडणी, डेलानोला द्राक्षे, तर उन्हाळ्यात कित्येक जण अलास्कातील साल्मन मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यांत जात.

या समाजात स्त्रिया अत्यल्प होत्या. गोऱ्या स्त्रियांबरोबरच्या त्यांच्या नृत्याचे निमित्त होऊन जानेवारी १९३० मध्ये वॉटसनव्हिल येथे दंगल उसळली व फर्मिन टोबेरा हा तरुण मजूर गोळी लागून ठार झाला. १९३३ मध्ये राज्याने गोऱ्यांशी त्यांचे विवाह निषिद्ध ठरविले. १९३४ च्या संघीय कायद्याने फिलिपिनोंचा प्रवेश वर्षाला ५० वर आणला. विवाहबंदी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये रद्द केली, तोवर अनेकांचे विवाहाचे वय उलटले होते. इलोकानो भाषेत ‘मनाँग’ म्हणजे थोरला भाऊ. मजूरछावण्यांत एकट्याने वृद्ध होणाऱ्या या पिढीस तेच नाव रूढ झाले.

मेक्सिकोतून करारावर मजूर आणण्याची योजना १९६४ अखेर संपली. पुढील वसंतात कोचेला खोऱ्यातील फिलिपिनोंनी तासाला १·४० डॉलर मजुरी मिळविली. डेलानोच्या मळेवाल्यांनी ती नाकारताच लॅरी इटलिआँग (१९१३–७७) यांच्या नेतृत्वाखाली ८ सप्टेंबर १९६५ रोजी त्यांनी काम थांबविले. एका वंशाचा संप दुसऱ्या वंशाच्या मजुरांकरवी मोडावयाचा, ही मळेवाल्यांची जुनी रीत होती. ती ओळखून इटलिआँग यांनी सेसार चावेस यांच्या मुख्यतः मेक्सिकन संघटनेस साद घातली. १६ सप्टेंबरला तिने संपात उतरण्याचे ठरविले. १९६६ मध्ये दोन्ही संघटना एक झाल्या. द्राक्षांवरील देशव्यापी बहिष्कारामुळे २९ जुलै १९७० रोजी डेलानोच्या मळेवाल्यांनी करार केले. म्हणून हा केवळ चावेस यांचा लढा मानणे वस्तुस्थितीस धरून नाही.

विजयाचा लाभ फिलिपिनोंना बेताचाच झाला. संघटनेच्या कचेरीतून काम वाटण्याच्या नव्या पद्धतीने त्यांच्या जुन्या टोळ्या विखुरल्या. इटलिआँग १९७१ मध्ये संघटनेतून बाहेर पडले. निवृत्त मनाँगांसाठी १९७४ मध्ये डेलानोजवळ आगबायानी ग्राम ही वसाहत उभी राहिली. तिला संपात पहाऱ्यावर असताना मरण पावलेल्या एका मजुराचे नाव दिले आहे. शेतमजूर चळवळीतील फिलिपिनोंच्या कार्याचा शालेय अभ्यासक्रमात समावेश करण्याविषयीचा कायदा राज्याने २०१३ मध्ये केला.