अफवेची साथ : राईनपाड्याची घटना आणि तुमच्या मोबाईलवरचा ‘फॉरवर्ड’

या ब्लॉगवर आपण बहुतेक वेळा जंतूंच्या साथींबद्दल बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. अफवेचीही साथ येते, तीही माणसातून माणसात पसरते आणि तिनेही माणसं मरतात. आपल्या खान्देशात हे घडलेलं आहे.

१ जुलै २०१८ ला काय झालं?

त्या दिवशी रविवार होता. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पिंपळनेरजवळच्या राईनपाडा या आदिवासी गावात आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती. हा भटका समाज आहे. गावोगावी भिक्षा मागून पोट भरणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मार्ग. त्यांतले बहुतेक जण मूळचे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे होते.

त्याआधीचे कित्येक दिवस मोबाईलवर ‘पोरं पळवणारी टोळी आली आहे’ असे मेसेज आणि व्हिडिओ फिरत होते. बाजारात कुणाला तरी या अनोळखी माणसांचा संशय आला. जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारहाण झाली आणि पाचही जण जागीच गेले. त्यांनी कुणाचंही मूल पळवलेलं नव्हतं.

त्याच रात्री शेजारच्या मालेगावातही जमावाने अशाच संशयावरून पाच जणांना घेरलं होतं. त्यात एक लहान मूलही होतं. तिथे पोलिसांनी जिवावर उदार होऊन त्यांना वाचवलं.

तो व्हिडिओ कुठला होता?

त्या काळात देशभर फिरणारी एक क्लिप तुम्हीही पाहिली असेल. मोटरसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणारं मूल उचलून नेतात. मूळ व्हिडिओ पाकिस्तानातल्या कराचीचा होता. पालकांनी मुलांकडे लक्ष द्यावं म्हणून एका संस्थेने तो मुद्दाम तयार केला होता. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात. कुणीतरी तो शेवटच कापला. जनजागृतीचा व्हिडिओ असा ‘पुरावा’ बनून गावोगाव पोचला.

कापलेला व्हिडिओ पाहणाऱ्याला तो कापलेला आहे हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. त्यात तो आला होता मामाकडून, शेजाऱ्याकडून, भजनी मंडळाच्या ग्रुपवरून. आपण मेसेजवर विश्वास ठेवतो तो बहुतेक वेळा पाठवणाऱ्या माणसाकडे बघून. मामा खोटं बोलणार नाही, हे खरंच आहे. पण मामालाही तो कुणीतरी पाठवलेलाच असतो.

अफवा जुनी, वाहन नवं

अफवेसाठी मोबाईल लागतोच असं नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. सरकारने रुग्णांना जबरदस्तीने दवाखान्यात हलवायला सुरुवात केली. लोकांत बोलबाला झाला, की तिथे माणसांना मारून त्यांच्या शरीरातून ‘मोमियाई’ नावाचं औषध काढतात. २९ ऑक्टोबर १८९६ ला गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला.

या दोन्ही घटनांत एक साम्य आहे. लोक मुळातच घाबरलेले होते. एकीकडे रोग आणि सरकारी जबरदस्ती, दुसरीकडे मुलांची काळजी. अफवेने त्या भीतीला एक चेहरा दिला. भीती वाटली की आपला मेंदू आधी बचावाच्या पवित्र्यात जातो. शहानिशा मागे पडते. त्यातच एकच गोष्ट पाच ठिकाणांहून कानावर आली की ती ओळखीची वाटू लागते आणि ओळखीची गोष्ट खरी वाटू लागते. शिकलेली माणसंही याला अपवाद नाहीत.

फरक वेगाचा आहे. १८९६ ची अफवा माणसाच्या चालीने पसरली. २०१८ मध्ये एका ग्रुपमध्ये २५६ माणसं मावत होती. मेसेज वीस ग्रुपवर टाकला की एका बोटाने पाच हजारांवर माणसं गाठता येत होती.

कंपनी मेसेज का काढून टाकत नाही?

हा प्रश्न मला रुग्णही विचारतात. फेसबुक किंवा यूट्यूबवरची पोस्ट कंपनी पाहू शकते, तक्रार आली तर काढू शकते. व्हॉट्सअ‍ॅपचं तसं नाही. एप्रिल २०१६ पासून तिथले मेसेज कुलूपबंद जातात. किल्ली फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनमध्ये असते. मधे कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. तुम्ही डॉक्टरांना पाठवलेला रक्ताचा रिपोर्ट याच कुलपामुळे खासगी राहतो. अफवाही त्याच कुलपाआड फिरते.

मग उपाय काय झाला? मेसेज न वाचता त्याचा वेग कमी करणं. राईनपाड्यानंतर दोनच दिवसांत केंद्र सरकारने कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. त्याच महिन्यात पुढे आलेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ ही खूण दिसू लागली आणि भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घालायला सुरुवात झाली. ऑगस्ट २०१९ पासून बऱ्याच हातांतून आलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण आली. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या काळात, असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं ठरलं. त्यानंतर असे मेसेज पुढे जाण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, असं कंपनीने सांगितलं.

कोविडमध्ये आपण हेच केलं होतं. विषाणू डोळ्यांना दिसत नव्हता, म्हणून आपण गाठीभेटी कमी केल्या आणि साखळी तोडली.

दुसरीकडे कायदाही हलला. १७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने जमावाकडून होणाऱ्या हत्या रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. २०२१ च्या नियमांत सरकारने ‘मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला ते सांगा’ अशी अट घातली. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. एकासाठी कुलूप उघडलं तर सगळ्यांचंच उघडेल, असं तिचं म्हणणं आहे. गुन्हेगार शोधायला हवा आणि तुमचं खासगीपणही टिकायला हवं. हा वाद सोपा नाही.

आरोग्याचा संबंध इथेच येतो

राईनपाड्यानंतर पाच महिन्यांनी, २७ नोव्हेंबर २०१८ ला, महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी लस होती. त्याच मोबाईलवरून लशीबद्दलच्या अफवा फिरल्या आणि काही पालकांनी मुलांना लस द्यायला नकार दिला. आजही ‘ही गोळी बंद करा, हा काढा प्या’ असे मेसेज वाचून रुग्ण बीपीच्या, शुगरच्या गोळ्या परस्पर थांबवतात. अशा अफवेत जमाव दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी अर्धांगवायूचा झटका येतो आणि त्याचा संबंध कुणी त्या मेसेजशी जोडत नाही.

तुम्ही काय करू शकता?

• दोन बाणांची खूण दिसली की समजा, मेसेज ज्याने पाठवला त्याने तो लिहिलेला नाही.
• मेसेजमध्ये तारीख, गाव, पोलीस ठाणं किंवा डॉक्टरचं नाव आहे का, पाहा. ‘आपल्या भागात’ एवढंच असेल तर पुढे पाठवू नका.
• ‘लगेच सगळ्यांना पाठवा’ असं लिहिलं असेल तर निदान तासभर थांबा. खरी सूचना तासाभराने खोटी होत नाही.
• मुलाबद्दल खरोखर शंका आली तर ११२ किंवा १०९८ वर फोन करा. संशयित माणसाची चौकशी पोलिसांना करू द्या.
• औषध बंद करायला सांगणारा मेसेज आला तर गोळी चालू ठेवा आणि मेसेज डॉक्टरांना दाखवा. ‘डॉक्टर हसतील’ म्हणून लाजू नका.
• घरच्या ग्रुपवर मोठ्या माणसाने खोटा मेसेज टाकला तर चारचौघांत टोकू नका. त्यांना वेगळा फोन करून शांतपणे सांगा. मान राखला तर ते ऐकतात आणि बहुतेक वेळा मेसेज स्वतःच काढतात.

साखळी तोडायला सगळं गाव लागत नाही. मेसेज पोचलेल्यांपैकी पुरेशा माणसांनी तो पुढे पाठवला नाही, तर साथ तिथेच ओसरते. आज तुमच्या फोनवर असा एखादा मेसेज आला असेल, तर तो तुमच्यापाशीच थांबू द्या.